रक्ताची गुठळी आणि कर्करोगाची चाहूल



रक्ताच्या तपासणीचा कागद हल्लीं शहरांतील बहुतेक प्रत्येक घरांत येऊन पडतो. पूर्वीं त्या कागदावर हिमोग्लोबिन, साखर आणि फार तर कोलेस्टेरॉल एवढेच आंकडे असत. २०२० व २०२१ या दोन वर्षांत कोविडची सांथ आली आणि तिच्याबरोबर डी-डायमर हा नवा शब्द पुण्यासारख्या शहरांत घरोघर जाऊन पोंचला. सांथ ओसरली, पण शब्द मागें राहिला. आतां संपूर्ण शरीराच्या तपासणीच्या नांवाखालीं जे मोठमोठे संच विकले जातात, त्यांपैकीं कांहींत हा आंकडा असतो. तो जाड ठशांत छापून आला, म्हणजे घरांतील तरुण मंडळी त्याचा अर्थ शोधावयास बसतात आणि शोधतां शोधतां त्यांच्यापुढें कर्करोग हा शब्द येऊन उभा राहतो. मग त्या रात्रीं त्या घरांत कोणाला नीट झोंप लागत नाहीं.

रक्त गोठण्याशीं संबंध असलेल्या खुणांवरून कर्करोग ओळखतां येतो काय, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. मी डॉक्टर नव्हे. शाळेंत मुलांना शिकविण्यांत माझें आयुष्य गेलें आणि आतां कात्रजला निवृत्तीचे दिवस काढीत आहें. परंतु ज्या गोष्टीचें भय वाटतें ती एकदां स्वच्छ समजून घेतली कीं निम्में भय कमी होतें, हा आमच्या धंद्यांतील जुना अनुभव आहे. त्या आधारावरच हें बोलण्याचें धाडस करीत आहें. उत्तराचा सारांश आधींच सांगून ठेवतों. रक्त गोठण्याच्या खुणा कर्करोगाची चाहूल देऊं शकतात. त्याची साक्ष देऊं शकत नाहींत. चाहूल आणि साक्ष यांतील अंतर ज्याला कळलें, त्याला त्या कागदाचा अर्थ कळला.

प्रथम रक्त गोठतें कसें तें पाहूं. भाजी चिरतांना बोट कापलें, तर रक्त येतें आणि थोड्या वेळानें तें आपोआप थांबतें. इतक्या साध्या गोष्टीमागें केवढी तरी व्यवस्था आहे. रक्तवाहिनी फुटतांच पहिल्यानें तेथें धांवून येतात त्या प्लेटलेट्स. या अगदीं सूक्ष्म चकत्या असून निरोगी माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तांत, म्हणजे टांचणीच्या डोक्याएवढ्या थेंबांत, त्या सुमारें १,५०,००० ते ४,५०,००० असतात. त्या एकमेकींस चिकटून भोंकाला तात्पुरतें बूच मारतात. पण हें बूच कच्चें असतें. तें पक्कें करण्यासाठीं रक्तांत फायब्रिनोजेन नांवाचें एक प्रथिन तयार असतें. तें यकृतांत बनतें आणि रक्तांत विरघळलेल्या स्थितींत वाहत असतें. शंभर मिलिलिटर रक्तद्रवांत तें साधारण २०० ते ४०० मिलिग्रॅम असावें लागतें.

जखमेजवळ एकामागून एक घटक जागे होतात आणि शेवटीं थ्रॉम्बिन नांवाचें द्रव्य उत्पन्न होतें. हें थ्रॉम्बिन फायब्रिनोजेनला स्पर्श करतें आणि विरघळलेल्या त्या प्रथिनाचे धागे बनतात. त्या धाग्यांना फायब्रिन म्हणतात. मग रक्तांतील तेरावा घटक येऊन हे धागे एकमेकांस गांठींनीं जोडून टाकतो, म्हणजे जाळें घट्ट होतें. ही झाली गुठळी. जखम भरून आली कीं जाळ्याचें काम संपतें आणि प्लाझ्मिन नांवाचें दुसरें द्रव्य तें कापून काढतें. कापतांना जे तुकडे पडतात त्यांत एक जोडतुकडा असतो. फायब्रिनच्या कणाच्या दोन टोंकांना शास्त्रज्ञांनीं डी असें नांव दिलेलें आहे. शेजारच्या दोन कणांचीं टोंकें गांठीनें जोडलेलीं असल्यामुळें तीं जोडीनेंच तुटून पडतात. डायमर म्हणजे जोडी. हाच तो डी-डायमर.

यावरून एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. डी-डायमर वाढला याचा अर्थ एवढाच कीं शरीरांत कोठें तरी गुठळी बनली आणि ती विरघळूं लागली. कोठें बनली, कां बनली, किती मोठी, हें त्या आंकड्यांत लिहिलेलें नसतें.

हें किती खरें आहे तें पाहण्यास आमच्या कात्रजमध्यें एक चांगलें साधन आहे. येथें १९८६ सालीं सर्पोद्यान सुरूं झालें. आतां तें महानगरपालिकेच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयाचा भाग आहे. तेथें घोणस पाहतांना मुलें भीतीनें मागें सरतात. या घोणशीच्या विषांत असें द्रव्य आहे कीं, तें रक्तांतील पांचव्या व दहाव्या घटकांना जखम नसतांनाच जागें करतें. सगळीकडे बारीक बारीक गुठळ्या बनूं लागतात, त्यांत फायब्रिनोजेन खर्ची पडतें, आणि सांठा संपला कीं उलट रक्त गोठेनासें होतें व हिरड्यांतून, लघवींतून रक्त जाऊं लागतें. गुठळी करणारें विष शेवटीं रक्तस्रावानें मारतें, ही मोठी विचित्र गोष्ट आहे. घोणस चावल्याचा संशय असलेल्या माणसाचें थोडें रक्त स्वच्छ, कोरड्या कांचेच्या नळींत घेऊन वीस मिनिटें न हलवितां ठेवतात. नळी कलती केल्यावर रक्त अजून पातळच असलें, तर विष रक्तांत भिनलें असें समजून प्रतिविष देतात. खेड्यांतील दवाखान्यांतहि करतां येण्यासारखी ही परीक्षा आहे. उलट, १९३४ सालीं इंग्लंडांत मॅकफार्लेन व बार्नेट यांनीं हेंच विष अत्यंत सौम्य करून, रक्त न गोठण्याचा जन्मजात विकार असलेल्या रोग्यांच्या जखमेवर लावलें आणि रक्त थांबविलें. विषाचें औषध झालें तें असें.

घोणस चावलेल्या माणसाचा डी-डायमर फार मोठा येतो, आणि त्याला कर्करोग नसतो. बाळंतपण जवळ आलेल्या स्त्रीचा वाढतो. शस्त्रक्रिया झालेल्याचा, हाड मोडलेल्याचा, न्यूमोनिया झालेल्याचा, यकृत बिघडलेल्याचा वाढतो. नुसतें वय वाढलें तरी वाढतो. खूण एक, कारणें अनेक.

मग कर्करोगाशीं याचा संबंध आला कसा? ही कथा दीडशें वर्षांपेक्षां जुनी आहे. फ्रान्समध्यें ब्वियो नांवाच्या वैद्यानें १८२३ सालींच कर्करोग व शिरांतील गुठळ्या यांची सांगड घातली होती. पण तिला नांव मिळालें तें पॅरिसच्या आर्मां त्रूसो या प्रसिद्ध वैद्याचें. त्रूसो हा उत्तम शिक्षक होता. १८६५ सालीं आपल्या व्याख्यानांत त्यानें विद्यार्थ्यांना सांगितलें कीं, पोटाचा जुना आजार आहे, निदान ठरत नाहीं, आणि अशांत कांहीं कारण नसतांना रोग्याच्या हातापायाची शीर गुठळीनें सुजली, तर आंत कर्करोग आहे असें समजावें. पुढें १८६७ च्या आरंभीं त्रूसोच्या स्वतःच्या डाव्या हाताची शीर सुजली. तिचा अर्थ त्याला दुसऱ्या कोणी सांगण्याची जरूर नव्हती. त्याच वर्षीं जून महिन्यांत तो पोटाच्या कर्करोगानें वारला. आपणच शिकविलेला धडा आपल्याच शरीरावर वाचण्याची वेळ क्वचितच एखाद्या शिक्षकावर येत असेल.

त्रूसोला जें दिसलें त्याचें कारण आतां बरेंचसें कळलें आहे. टिश्यू फॅक्टर नांवाचें एक प्रथिन रक्तवाहिनीच्या भिंतीबाहेर असतें. वाहिनी फुटली म्हणजेच रक्ताची व त्याची गांठ पडते आणि गोठण्याचें काम सुरूं होतें. अनेक प्रकारच्या कर्करोगांच्या पेशी हें प्रथिन स्वतःच्या अंगावर बाळगतात आणि त्याचे सूक्ष्म कण रक्तांत सोडतात. म्हणजे घरांत चोरी झालेली नसतांना कोणी एकसारखा घंटा वाजवीत बसावा, तसें होतें. शिवाय कांहीं गांठी अशीं द्रव्यें सोडतात कीं त्यांच्यामुळें यकृत आणि हाडांतील मगज यांना चुकीचा इशारा मिळून प्लेटलेट्सची संख्या वाढते. मोठी गांठ शेजारच्या शिरेला दाबते तें निराळेंच. गुठळीचा कर्करोगाला फायदाहि होतो. रक्तांतून दुसरीकडे निघालेल्या त्याच्या पेशींना प्लेटलेट्स व फायब्रिन यांचें पांघरूण मिळतें आणि शरीराच्या रक्षक पेशींना त्या सहजासहजीं सांपडत नाहींत. स्वादुपिंड, जठर, फुप्फुस व बीजकोश यांच्या कर्करोगांत गुठळ्यांचें प्रमाण विशेष असतें.

म्हणजे संबंध खरा आहे. तो कोणी उगाच कल्पिलेला नाहीं. आतां पुढचा प्रश्न. या संबंधाचा उपयोग लपलेला कर्करोग शोधण्यासाठीं करतां येईल काय?

येथें पुण्याच्या जुन्या पाणीपुरवठ्याचा दाखला घेऊं. नानासाहेब पेशव्यांच्या काळांत, अठराव्या शतकाच्या मध्याला, कात्रजच्या तलावाचें पाणी जमिनीखालच्या बंदिस्त नळांतून शहरांतील हौदांपर्यंत आणलें होतें. त्या नळावर ठिकठिकाणीं बांधलेले उच्छ्वास कांहीं जागीं अजून दिसतात. आतां अशी कल्पना करा कीं, पेठेंतल्या हौदांत एके सकाळीं पाणी गढूळ आलें. त्यावरून वरच्या अंगाला कांहीं तरी घडलें आहे एवढें निश्चित. पण पहिला पाऊस पडला, कीं नळ कोठें खचला, कीं तलावांत गुरें उतरलीं, हें हौदाशीं उभें राहून सांगतां येणार नाहीं. गढूळपणा खोटा नव्हे. पण तो ठिकाण सांगत नाहीं. रक्तांतील या खुणांचें असेंच आहे.

हें नुसतें तर्काचें बोलणें नाहीं. मोजून पाहिलेले आंकडे आहेत. इंग्लंडांतील एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०१७ सालीं प्लेटलेट्सविषयीं एक मोठी पाहणी प्रसिद्ध केली. चाळीस वर्षांवरील ज्या लोकांच्या प्लेटलेट्स ४,००,००० पेक्षां अधिक होत्या, त्यांना पुढच्या एका वर्षांत कर्करोग निघाला काय तें त्यांनीं पाहिलें. पुरुषांत शेंकडा ११.६ जणांना व स्त्रियांत शेंकडा ६.२ जणींना तो निघाला. ज्यांची संख्या नेहमींप्रमाणें होती त्यांच्यांत हें प्रमाण पुरुषांत ४.१ व स्त्रियांत २.२ होतें. म्हणजे धोका जवळजवळ तिपटीनें अधिक. ही गोष्ट दुर्लक्ष करण्यासारखी नाहीं. परंतु तोच आंकडा उलट बाजूनें वाचा. प्लेटलेट्स वाढलेल्या शंभर पुरुषांपैकीं अठ्ठ्याऐंशीं जणांना वर्षभरांत कर्करोग निघाला नाहीं. शिवाय हे लोक कांहीं तक्रार घेऊन डॉक्टरांकडे गेलेले होते. रस्त्यानें जाणारे धडधाकट नव्हते. आपल्या देशाची आणखी एक अडचण आहे. शरीरांत लोह कमी पडलें तरी प्लेटलेट्स वाढतात, आणि आपल्याकडे स्त्रियांत लोहाची कमतरता घरोघर आहे. तेव्हां विलायतेंतील प्रमाण आपल्या आयाबहिणींच्या कागदाला जसेंच्या तसें लावूं नये.

दुसरी पाहणी कॅनडांतील, २०१५ सालीं प्रसिद्ध झालेली. कांहीं उघड कारण नसतांना ज्यांच्या शिरेंत गुठळी झाली अशा ८५४ रोग्यांचे दोन गट केले. त्रूसोचा इशारा ज्यांना तंतोतंत लागू पडावा असेच हे रोगी. एका गटाची साधी तपासणी केली. म्हणजे हकीगत विचारली, अंग तपासलें, नेहमींचें रक्त पाहिलें, छातीचें छायाचित्र काढलें आणि वयाला अनुसरून ज्या तपासण्या करावयाच्या त्या केल्या. दुसऱ्या गटाची याशिवाय पोटाची संपूर्ण सीटी तपासणी केली. वर्षभरांत दोन्हीं गट मिळून शेंकडा ३.९ जणांना कर्करोग निघाला, आणि जादा तपासणीनें कांहींच विशेष हातीं लागलें नाहीं. साध्या तपासणींतून जेवढे रोगी निसटले, तेवढेच जवळजवळ महाग तपासणींतूनहि निसटले.

मी गणित शिकविलेलें आहे, म्हणून आतां एक उदाहरण फळ्यावर मांडल्यासारखें मांडतों. यांतील आंकडे मीं हिशेबाच्या सोयीसाठीं धरलेले आहेत. समजा, पन्नाशी उलटलेल्या, कांहीं तक्रार नसलेल्या १०,००० माणसांचा डी-डायमर तपासला. समजा, त्यांपैकीं ५० जणांना लपलेला कर्करोग आहे आणि त्यांतील ३० जणांचा आंकडा वाढलेला येतो. उरलेल्या ९,९५० निरोगी माणसांपैकीं वय, सांधेदुखी, सर्दीखोकला अशा कारणांनीं पांचांत एकाचा, म्हणजे १,९९० जणांचा आंकडाहि वाढलेला येतो. आतां वाढलेले एकंदर किती? २,०२०. त्यांत कर्करोगाचे किती? ३०. म्हणजे सदुसष्ट माणसांना भीति घालावी तेव्हां एक खरा रोगी. आणि वीस रोग्यांचा आंकडा मुळींच वाढलेला नाहीं. ते तर कागद पाहून निर्धास्त राहिले. भ्यालेले दोन हजार एकीकडे आणि फसलेले वीस दुसरीकडे, असा हा हिशेब आहे.

शिवाजी महाराजांनीं १६६३ सालीं लाल महालांत शाहिस्तेखानावर छापा घातला. त्या रात्रीं बैलांच्या शिंगांना पलिते बांधून ते कात्रजच्या घाटांत सोडले आणि खानाची फौज त्या उजेडामागें धांवली, अशी कथा परंपरेनें सांगतात. कात्रजचा घाट दाखविणें हा वाक्प्रचार तिच्यावरूनच पडला. पलिते खरे होते, उजेडहि खरा होता. फक्त तेथें सैन्य नव्हतें. निरोगी माणसाच्या अंगांतील वाढलेला डी-डायमर पुष्कळ वेळां असाच घाट दाखवितो. आणि त्यामागें धांवणें फुकटचें नसतें. एका तपासणींतून दुसरी निघते, सीटीचे किरण अंगावर घ्यावे लागतात, कोठें एखादी निरुपद्रवी गांठ दिसली कीं तिचा तुकडा काढावा लागतो, आणि पैसा जातो तो वेगळाच.

माझ्या परिचयाच्या एका अडुसष्ट वर्षांच्या सेवानिवृत्त शिक्षकांच्या कागदावर डी-डायमर ६१० आला. शेजारीं मर्यादा ५०० अशी छापलेली. त्यांनीं दोन महिने अन्न गोड लागूं दिलें नाहीं आणि मृत्युपत्राचा मसुदाहि करून ठेवला. पुढें एका जाणत्या डॉक्टरांनीं त्यांना समजावून सांगितलें. शिरेंतील गुठळीची शंका दूर करण्यासाठीं जेव्हां ही परीक्षा करतात, तेव्हां पन्नाशीनंतर वयाला दहानें गुणून जो आंकडा येईल ती मर्यादा धरतात. अडुसष्ट गुणिलें दहा म्हणजे ६८०. तेव्हां त्यांचा आंकडा वयाच्या मानानें मर्यादेंतच होता. आणखी एक खबरदारी अशी कीं, ही मर्यादा ज्या मापाची आहे त्याच्या जवळजवळ निम्म्या हिशेबानें आंकडा देणारें दुसरें माप कांहीं प्रयोगशाळा वापरतात. म्हणून दोन ठिकाणचे दोन कागद शेजारीं ठेवून, वाढला कीं घटला, असें घरच्या घरीं ठरवूं नये.

एवढें ऐकून या परीक्षा निरुपयोगी आहेत असा समज मात्र कोणी करून घेऊं नये. योग्य जागीं त्या प्राण वांचवितात. डी-डायमरचें मुख्य काम नाहीं म्हणण्याचें आहे. पाय दुखतो, डॉक्टरांना गुठळीची शंका थोडीच वाटते, आणि डी-डायमर मर्यादेंत आला, तर गुठळी नाहीं असें बहुतेक खात्रीनें म्हणतां येतें. दुसरी जागा, कर्करोग आधींच सिद्ध झालेल्या रोग्याची. औषधोपचार चालू असतां गुठळी होऊन दगावणें हें अशा रोग्यांच्या मृत्यूचें एक प्रमुख कारण आहे. २००८ सालीं डॉ. आलोक खोराना व त्यांचे सहकारी यांनीं एक साधें गुणपत्रक तयार केलें. रोग कोणत्या अवयवाचा, प्लेटलेट्स किती, हिमोग्लोबिन किती, पांढऱ्या पेशी किती आणि शरीर किती स्थूल, या पांच गोष्टींना गुण देऊन कोणत्या रोग्याला गुठळीचा धोका अधिक तें त्यावरून ठरवितात. येथें खुणेचा उपयोग कर्करोग शोधण्यासाठीं नसून कर्करोग्याला जपण्यासाठीं आहे.

तिसरी जागा, रक्ताच्या एका विशिष्ट कर्करोगाची. प्रोमायलोसाइटिक ल्युकेमिया असें त्याचें नांव. यांत हिरड्यांतून रक्त येतें, कांहीं न लागतां अंगावर काळेनिळे डाग उठतात, प्लेटलेट्स व फायब्रिनोजेन घटतात आणि डी-डायमर फार वाढतो. अनुभवी डॉक्टर हा मेळ पाहतांच पक्क्या निदानाची वाट न पाहतां त्याच दिवशीं औषध सुरूं करतात, कारण उशीर झाला तर मेंदूंत रक्तस्राव होतो. पूर्वीं हा रोग भराभर मारीत असे. आतां अ जीवनसत्त्वापासून बनविलेलें एक औषध आणि आपल्या जुन्या वैद्यांच्या ओळखीचा सोमल, या दोहोंच्या योगानें बहुतेक रोगी पूर्ण बरे होतात.

आतां कोणी विचारील कीं, मग कर्करोग वेळेवर शोधून काढणारी परीक्षा म्हणावी तरी कोणती? तिचें लक्षण एकच. ती परीक्षा केलेल्या लोकांत त्या रोगाचे मृत्यु कमी झाले पाहिजेत, आणि तें मोजून दाखवितां आलें पाहिजे. याचें जगाला दाखविण्यासारखें उदाहरण आपल्याच महाराष्ट्रांत घडलेलें आहे. त्या वेळच्या उस्मानाबाद, आतांच्या धाराशिव जिल्ह्यांतील ४९७ खेड्यांत १९९९ सालापासून एक प्रयोग झाला. मुंबईचें टाटा स्मारक रुग्णालय, बार्शीचें नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधील लियों येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनीं तो चालविला. तीस ते एकोणसाठ वर्षांच्या १,३१,७४६ स्त्रियांचे चार गट केले. तीन गटांत गर्भाशयाच्या मुखाची तीन निरनिराळ्या रीतींनीं एकदांच तपासणी केली. चौथ्या गटाला नेहमींची व्यवस्था ठेवली. आठ वर्षांच्या देखरेखीनंतर २००९ सालीं निकाल प्रसिद्ध झाला. एचपीव्ही या विषाणूची परीक्षा ज्या गटांत केली, त्यांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगानें ३४ स्त्रिया दगावल्या. नेहमींच्या व्यवस्थेच्या गटांत ६४. दोन्हीं गट थोड्याफार फरकानें सारखेच मोठे होते. एका परीक्षेनें मृत्यु सुमारें निम्म्यावर आले. शेतांत राबणाऱ्या त्या स्त्रियांनीं तपासणीला येऊन जें ज्ञान जगाला दिलें, त्याचें ऋण मोठें आहे.

मुंबईंतहि टाटा रुग्णालयानें झोपडपट्ट्यांतील स्त्रियांत असेच दीर्घ प्रयोग केले. शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनीं गर्भाशयमुखाला व्हिनेगर लावून दर दोन वर्षांनीं केलेल्या तपासणीनें त्या रोगाचे मृत्यु शेंकडा ३१ नें कमी झाले, असें २०१४ सालीं प्रसिद्ध झालें. स्तनांची हातानें तपासणी केल्यानें पन्नाशीपुढील स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यु जवळजवळ शेंकडा ३० नें घटले, हा वीस वर्षांच्या प्रयोगाचा निष्कर्ष २०२१ सालीं आला. यांत डी-डायमर नाहीं, सीटी नाहीं. शिकलेली नजर, शिकलेला हात आणि ठराविक काळानें पुनः पुनः जाणें, एवढेंच आहे. रक्त गोठण्याच्या कोणत्याहि खुणेनें निरोगी लोकांत असा निकाल अद्याप दाखविलेला नाहीं.

तेव्हां गृहस्थाश्रमी माणसानें काय करावें? माझ्या समजुतीप्रमाणें चार गोष्टी. पहिली, कांहीं तक्रार नसतांना केवळ संचांत मिळतो म्हणून डी-डायमर तपासूं नये, आणि तपासलाच तर त्या एका आंकड्यावरून कर्करोगाचें भय बाळगूं नये. दुसरी, एकच पाय सुजून दुखूं लागला, किंवा एकाएकीं दम लागून छातींत दुखूं लागलें, तर लेप, शेक, मालीश यांत दिवस न घालवितां त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें. कारण कर्करोग असो वा नसो, फुप्फुसांत गेलेली गुठळी स्वतःच प्राण घेते. तिसरी, अशी गुठळी कांहीं कारणावांचून झाली असेल, वजन घटत असेल, अन्नावरची वासना गेली असेल, शौचावाटें रक्त जात असेल, तर तें सारें न लाजतां डॉक्टरांना सांगावें. प्लेटलेट्स चार लाखांवर पुनः पुनः येत असतील, तर लोह तपासून घ्यावें आणि पुढें काय तें त्यांना विचारावें. खूण एकटी असते तेव्हां मुकी असते. रोग्याच्या हकीगतीबरोबर ती बोलूं लागते.

चौथी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. तीस वर्षांपुढील प्रत्येक माणसाचें तोंड आणि प्रत्येक स्त्रीचे स्तन व गर्भाशयाचें मुख तपासावें, असें सरकारच्या आरोग्यकार्यक्रमांत ठरलेलें आहे. ही तपासणी सरकारी आरोग्यकेंद्रांत होते. घरांतील पुरुष हजारों रुपयांचा संच घेऊन स्वतःचा डी-डायमर मोजून येतो, आणि त्याच घरांतील गृहिणी वीस वर्षांत एकदांहि या तपासणीला गेलेली नसते. कित्येक सुशिक्षित घरांतून मला हेंच दिसतें. लाज, वेळ नसणें आणि मला काय झालें आहे हा विचार, हीं तीनच कारणें बहुधा असतात. आज रात्रीं जेवणें झाल्यावर घरांतील वडील माणसानें हा विषय काढावा आणि कोणी, कोणत्या दिवशीं जावयाचें तें ठरवूनच उठावें, अशी माझी सर्व श्रोत्यांस विनंति आहे.